आकडा आला कुठून?

‘सरासरी पॅकेज ८ लाख’ असा क्लासचा फलक पुण्यात डेक्कनला दिसतो, नाशिकला कॉलेज रोडवर दिसतो, आणि आता तालुक्याच्या एसटी स्टँडासमोरही दिसू लागला आहे. डेटा सायन्सच्या वाटेला जायचं की नाही हे ठरवणाऱ्याने फी भरण्याआधी पहिला सराव याच फलकावर करावा. समजा, दहा मुलांना नोकऱ्या लागल्या. नऊ जणांना वर्षाला ४ लाख आणि एकाला ४४ लाख. बेरीज ८० लाख, सरासरी ८ लाख. फलक खोटं बोलत नाही. फक्त ८ लाखांची नोकरी त्या दहांपैकी एकालाही लागलेली नाही. पगार चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारा आकडा, म्हणजे मध्यक, काढला तर तो ४ लाख येतो. मग पुढचे प्रश्न. नोकरी दहांना लागली, पण बॅचमध्ये मुलं किती होती? ज्यांना लागली नाही त्यांना या सरासरीत धरलंय की वगळलंय? ४४ लाखवाला आधीच सात वर्षं नोकरी करत होता का? आणि हे पगार ऑफर लेटर बघून लिहिले की फोनवर विचारून?

हे प्रश्न ज्याला आपसूक पडतात, त्याने या क्षेत्रात खुशाल यावं. बाकीचं शिकता येतं. ज्याला पडत नाहीत त्यालाही ते पाडून घ्यायची सवय लावता येते, पण क्लासच्या अभ्यासक्रमात तो तास सहसा नसतो. तिथे भर मॉडेलांवर असतो, कारण मॉडेल दाखवायला छान असतं.

या व्यवसायाचं बारसं फार जुनं नाही. २००८च्या सुमारास लिंक्डइनमध्ये धनुर्जय पाटील आणि फेसबुकमध्ये जेफ हॅमरबाखर हे आपापल्या कंपनीत आकड्यांचं काम करणाऱ्या गटांची बांधणी करत होते. या लोकांना म्हणायचं काय, या खटाटोपातून ‘डेटा सायंटिस्ट’ हे पद रूढ झालं. ऑक्टोबर २०१२मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त पाटील आणि टॉमस डेव्हनपोर्ट यांचा लेख आला. ही एकविसाव्या शतकातली सगळ्यांत मादक नोकरी आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं. त्या शीर्षकाने जगभर किती क्लास उघडले असतील याची गणती नाही. काम मात्र नावापेक्षा कितीतरी जुनं आहे. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९६२ साली डेटा विश्लेषणाच्या भवितव्यावर प्रबंध लिहून सांगितलं होतं की आकड्यांकडे बघणं, त्यांच्यात शोध घेणं हे स्वतंत्र शास्त्र मानलं पाहिजे, गणिताची उपशाखा नव्हे. आणि त्याच्याही आधी आपल्याकडे हे काम शेताच्या बांधावर उभं राहून चाललं होतं. तिकडे येऊच. आधी हे काम रोज दिसतं कसं, ते कांद्याच्या निमित्ताने बघू.

राज्याचं कृषी पणन मंडळ बाजार समित्यांचे भाव रोज प्रसिद्ध करतं: आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. कुणालाही फुकट बघता येतात. समजा, एखाद्या मुलीने ठरवलं की लासलगावच्या कांद्याचे दहा वर्षांचे भाव घ्यायचे आणि पुढच्या महिन्याचा अंदाज बांधायचा. सरावासाठी याहून चांगला विषय नाही. पहिल्याच तासात तिच्या लक्षात येतं की लासलगाव एक नाही, तीन आहेत. नुसतं लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर. मुख्य बाजार आणि त्याचे उपबाजार. तिन्ही एकत्र धरले तर आवक एक येते, वेगळे धरले तर दुसरीच. शिवाय लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांच्या ओळी वेगळ्या. हंगाम बदलताना काही आठवडे दोन्ही बाजारात असतात, म्हणजे एकाच तारखेला एकाच बाजाराच्या दोन ओळी. या तक्त्याला तारखेवरून पावसाचा तक्ता जोडला की त्या दिवसाचा पाऊस दोनदा मोजला जातो, आणि स्क्रीनवर कुठेही लाल अक्षर उमटत नाही. म्हणून जुनी मंडळी तक्ते जोडण्याआधी ओळी मोजतात आणि जोडल्यावर पुन्हा मोजतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते न केल्यामुळे वाया गेलेले आठवडे या धंद्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर असतात.

मग कोऱ्या जागा. रविवार समजला, दिवाळीची सुट्टी समजली. पण जुन्या वर्षांत साधारण दर २९-३० दिवसांनी आणखी एक दिवस कोरा सापडतो. महिन्याची तारीख ठरलेली नाही, वार ठरलेला नाही. पुण्या-मुंबईत वातानुकूलित खोलीत बसलेला माणूस ही ‘डेटातली त्रुटी’ समजून ती जागा आदल्या दिवसाच्या भावाने भरून टाकेल. निफाड तालुक्यातला कुणीही सांगेल की ती अमावास्या. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांची वर्षानुवर्षांची प्रथा होती. अलीकडे काही समित्यांनी ती सोडली. आता त्या कोऱ्या जागेत शून्य टाकलं तर महिन्याची सरासरी उगाच खाली येते. आदल्या दिवसाची आवक टाकली तर जो कांदा बाजारात आलाच नाही तो कागदावर विकला जातो. आणि दुसऱ्या दिवशी तुंबलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागून आवक फुगते, भाव हलतो, तेव्हा मॉडेल बिचारं त्याचं कारण हवामानात शोधत बसतं. इंग्रजी महिन्यांची कितीही कोष्टकं मांडली तरी ही लय सापडत नाही, कारण ती चंद्राची आहे. पंचांगाचा एक रकाना जोडला की लगेच दिसते.

सगळ्याच कोऱ्या जागा इतक्या निरुपद्रवी नसतात. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. त्या दिवसांचे भाव मागणी-पुरवठ्याने ठरलेले नाहीत, दिल्लीतल्या एका अधिसूचनेने ठरलेले आहेत. ते इतर दिवसांच्या मांडीला मांडी लावून बसवले की अंदाज बिघडणारच. आणि हो, ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे किमान आणि कमाल यांची सरासरी नव्हे; बहुतेक माल ज्या भावाने गेला तो दर. हे ज्याने तक्त्याखाली लिहून ठेवलं नाही, त्याचं विश्लेषण सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती गेलं की तिथे नवा घोटाळा सुरू होतो.

या उदाहरणातच तीन वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या आहेत. जाहिरातींत त्या एकाच गाठोड्यात बांधतात आणि मुलं गोंधळतात. रोज संध्याकाळी समित्यांचे आकडे आपोआप गोळा होऊन, नावांची एकवाक्यता होऊन साठवले जातील अशी व्यवस्था बांधणं हे डेटा इंजिनिअरचं काम. त्याला प्रोग्रामिंग पक्कं लागतं आणि संख्याशास्त्र बेतास बात चालतं. गेल्या आठवड्यात भाव का पडला, पिंपळगावला पडला तसा सोलापूरला का नाही, हे शोधून व्यवस्थापकाला दोन तक्ते आणि चार वाक्यांत सांगणं हे डेटा अ‍ॅनालिस्टचं काम. पुढच्या महिन्याच्या भावाचा अंदाज आणि तो किती चुकू शकेल याचाही अंदाज बांधणं हे डेटा सायंटिस्टचं. छोट्या कंपनीत तिन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडतात. पहिली नोकरी बहुतेकांना अ‍ॅनालिस्टची मिळते, कधी ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ या नावाने मिळते, आणि तिच्यात दिवसभर एक्सेल असतं. त्यात कमीपणा वाटून घेण्याचं काही कारण नाही. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेचे २०२०च्या शरद ऋतूत कोविडचे १५,८४१ रुग्ण अहवालातून गळले, कारण आकडे एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत चढवले जात होते आणि तिच्यात ६५,५३६पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. गळलेल्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवलंच गेलं नाही. एक्सेल नीट येणं ही लहान गोष्ट नाही.

आता बांधावरची गोष्ट. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११चा. फर्ग्युसनमधून पदवी, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट, आणि १९४०पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत. पीक किती आलं याचा सरकारी अंदाज त्या काळी पाटील-तलाठ्यांच्या नजरेवर, ‘आणेवारी’वर चाले. सुखात्म्यांनी यदृच्छ पद्धतीने शेत निवडायचं, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशभर बसवण्यात मोठा वाटा उचलला. तुकडा केवढा असावा, यावर त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद गाजला. महालनोबिस यांचं म्हणणं, तुकडे लहान घेऊ, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणी घेता येतील. गणित त्यांच्या बाजूचं होतं. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यातून उत्पन्न सातत्याने जास्त येतं.

कारण अगदी साधं आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा घ्या: क्षेत्र १ चौरस मीटर, कड ४ मीटर. आता १० बाय ५चा घ्या: क्षेत्र ५०, कड ३०. म्हणजे लहान तुकड्यात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड, मोठ्यात जेमतेम ०.६. दोरी ताणली की काही ताटं बरोबर दोरीवर येतात. ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस, कुणाचंही वाईट मनात नसताना, ती आत धरतो. कड जितकी जास्त तितकी ही आगंतुक ताटं जास्त. असे हजार तुकडे घेतले तरी चूक कमी होत नाही, कारण हजारही ठिकाणी ती एकाच दिशेने झालेली असते. ढीगभर डेटा म्हणजे खरा डेटा, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सुखात्मे पुढे १९५१मध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून गेले. पीक कापणी प्रयोग मात्र अजून चालू आहेत. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळातलं प्रत्यक्ष उत्पन्न आणि उंबरठा उत्पन्न यांच्या तुलनेवर ठरते, आणि त्यात उपग्रह प्रतिमांवरून काढलेल्या अंदाजांनाही आता वाटा मिळू लागला आहे. उपग्रहाच्या अंदाजाची परीक्षा घ्यायलाही शेवटी कुणीतरी दोरी घेऊन शेतात उतरतंच.

मॉडेलबद्दल बोलल्याशिवाय असा लेख पुरा मानला जात नाही, तर एक मुद्दा सांगतो; मुलाखतीत यावर घसरणारे खूप असतात. बँकेतले १०,००० व्यवहार घ्या, त्यांतले १० फसवे. ‘एकही व्यवहार फसवा नाही’ असं डोळे मिटून सांगणारं मॉडेल ९,९९० वेळा बरोबर ठरतं. अचूकता ९९.९ टक्के, उपयोग शून्य. दुसरं मॉडेल १०पैकी ८ फसवे पकडतं, पण १०० प्रामाणिक व्यवहारांवरही संशय घेतं. त्याची अचूकता ९८.९८ टक्के, म्हणजे पहिल्याहून कमी. तरी बँक घेईल ते दुसरंच. मात्र त्याने उठवलेल्या १०८ हाकाट्यांपैकी खऱ्या फक्त ८. उरलेले १०० जण म्हणजे कुठेतरी लग्नाच्या खरेदीत कार्ड अडकल्यामुळे दुकानदारासमोर ओशाळलेले ग्राहक. संशयाची रेघ कडक करावी की सैल, हे गणित ठरवत नाही. एक फसवा व्यवहार सुटला तर किती नुकसान आणि एक चांगला ग्राहक दुखावला तर किती, हे बँकेत काम केलेल्या माणसाला विचारावं लागतं.

म्हणूनच माझं मत असं की कोऱ्या पाटीने डेटा सायन्समध्ये येण्यापेक्षा एखादं क्षेत्र बरोबर घेऊन यावं. कृषी पदवीधर, बँकेतला क्लार्क, विमा कंपनीत दावे तपासणारी बाई, रुग्णालयात नोंदी ठेवणारी सिस्टर, यांना कोडिंग उशिरा येतं, पण आकडा कुठून आला हे त्यांना आधीपासून माहीत असतं. ठाण्याचं उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर आहे. १ ऑगस्ट २०१४ला त्यातून पालघर वेगळा झाला. नंतरच्या वर्षांतले ठाण्याचे रुग्ण घेऊन त्याला जुन्या लोकसंख्येने भागणारा ठाण्याला उगाच निरोगी ठरवतो. २०२१ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे ही चूक करायला भरपूर वर्षं मिळाली. जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर यांच्या जुन्या-नव्या ओळी जुळवायचं काम आलं ते वेगळंच.

शिकायचं काय, याची यादी लहान आहे. संख्याशास्त्राचा पाया: संभाव्यता, नमुना निवड, समाश्रयण आणि अंदाजातली अनिश्चितता. एसक्यूएल: एडगर कॉड यांच्या १९७०च्या कल्पनेवर आयबीएममध्ये पुढे काही वर्षांतच आकाराला आलेली, पन्नाशी गाठलेली ही भाषा अजून सगळीकडे लागते, आणि नवशिके तिला कंटाळवाणी म्हणून टाळतात. पायथॉन, त्यातही तक्त्यांसाठीचं पांडाज. मराठी माध्यमातून आलेल्यांना गणिताची अडचण क्वचित येते. अडतं ते इंग्रजी ईमेल लिहिताना. त्याचा सराव वेगळा करावा लागतो. कोड आता यंत्राकडून लिहून घेता येतो हे खरं, आणि त्यामुळे नुसता कोड येण्याची किंमत उतरली आहे हेही खरं. पण अमावास्येच्या जागी यंत्राने काय भरलं हे बघणारा माणूस लागतोच.

शिकायच्या जागा महागड्याच असतात असं नाही. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग वसंतराव हुजूरबाजार यांनी १९५३मध्ये उभा केला; तिथली एम.एस्सी. बाजारातल्या चकचकीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त टिकते. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा १९९२-९३च्या पहिल्या फेरीपासून तिनेच वाहिली. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवीक्रम २०२०मध्ये सुरू झाला. तो जेईई न देता, त्यांची पात्रता फेरी पार करून, नोकरी सांभाळून करता येतो. सरकारी वाटाही आहेत आणि त्यांची जाहिरात कुणी करत नाही. यूपीएससीतर्फे भारतीय सांख्यिकी सेवा, स्टाफ सिलेक्शनमधून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी, आणि राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय, ज्याची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. पगार आयटीइतका नसेल, पण देशाचा आकडा जिथे जन्मतो ती ही जागा.

लोकांची माहिती हाताळणाऱ्याने २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही वाचून ठेवावा. ग्राहकांचे फोन नंबर असलेली फाइल ‘घरी जरा बघतो’ म्हणून स्वतःच्या मेलवर पाठवणं ही आता नुसती गाढवपणाची बाब राहिलेली नाही.

मुलाखतीला जाताना बायोडेटावर पन्नास प्रमाणपत्रं नकोत. स्वतः शेवटपर्यंत नेलेलं एक काम हवं, कांद्यासारखं, ज्यातला प्रत्येक निर्णय का घेतला हे सांगता येईल. टायटॅनिकचे प्रवासी आणि फुलांच्या पाकळ्यांची मापं हे क्लासचे ठरलेले तक्ते परीक्षकाने शेकडो वेळा पाहिलेले असतात. बऱ्याच ठिकाणी एक छोटा तक्ता समोर टाकतात आणि विचारतात: जानेवारीच्या मानाने फेब्रुवारीत विक्री १० टक्क्यांनी घसरली, काय करावं? उमेदवार मॉडेलांची नावं घेऊ लागतात. ग्राहक दुरावले, स्पर्धक आले, सवलत द्यावी असं सुचवतात. एखादीच मुलगी आधी दिवस मोजते. एकतीस आणि अठ्ठावीस. दिवसागणिक विक्री जवळपास तेवढीच आहे.